क्लचवरचा ठोकळा

“त्याला पाणी लावू नकोस,” हे दारातूनच म्हणाले आणि माझ्या हातातलं ओलं फडकं तिथेच थांबलं.

मी दिवा पुसत होते. घरातला नव्हे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसतो तो, मागे नांगरावर उजेड पाडणारा. चार दिवसांपासून तो आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्याला खेटून बसला होता. काचेवर धूळ साचलेली आणि धुळीखाली कारखान्याचा बारीक शिक्का. तो शिक्का पाण्याने जाईल अशी यांना धास्ती. अठ्ठेचाळीस वर्षं पाऊस खाऊन जो शिक्का गेला नाही, तो माझ्या फडक्याने जाणार होता. मी विचारलं, मग पुसू कशाने? तर म्हणाले, पुसूच नकोस. एवढं बोलून दिवा दोन्ही हातांनी उचलला आणि शेडमध्ये घेऊन गेले. आमच्या मुलीला तान्हेपणी यांनी इतकं जपून उचलल्याचं मला आठवत नाही.

लोक यांना ‘ओरिजिनल’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण दूधवाला एकदा चुकून “ओरिजिनलसाहेब आहेत का घरात?” असं विचारून बसला आणि मग आठवडाभर माझ्याशी नजर चुकवत दूध घालत होता. यांनी ट्रॅक्टरच्या एजन्सीत एकतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. आता घरामागच्या शेडमध्ये फक्त जुने ट्रॅक्टर घेतात. इंजिन काय, कुणीही बांधतं. यांचा जीव अडकतो तो ट्रॅक्टरच्या अंगावरच्या वस्तूंत. दिवे, हॉर्न, हत्यारांची पेटी, हाताने फिरवून चालू करायचं हँडल, तेलाची बुधली आणि ती अडकवायची पितळी पकड. ट्रॅक्टर म्हातारा झाला की आधी याच वस्तू जातात. कुणी काढून नेतं, कुणी मोडतं, कुणी दुसऱ्याच कंपनीचं काहीतरी आणून ठोकतं. मग हे सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्यांच्या दारोदार हिंडतात आणि एखाद्या हॉर्नचं रबर सापडलं तर लॉटरी लागल्यासारखे घरी येतात.

यांच्याजवळ कंपनीचं पार्ट्सचं पुस्तक आहे. पानं सुटली म्हणून मी त्याला कापडी कव्हर शिवलं. एकेक नट त्यात चित्रासकट दिलेला. पुस्तकात आहे ते ट्रॅक्टरवर पाहिजे, पुस्तकात नाही ते ट्रॅक्टरवर नको, हा यांचा नियम. लग्नाच्या वेळी माझं असं पुस्तक कुणी यांच्या हातात दिलं नाही, म्हणून मी या घरात आहे तशी राहिले.

मीही या धंद्यात आहे, पण मागच्या दाराने. मी शिवण करते आणि यांच्या ट्रॅक्टरच्या गाद्या शिवते. कारखान्यात इंचाला सहा टाके घालायचे. मी पाच घातले तर हे बोट फिरवून ओळखतात. एकदा मुद्दाम साडेपाच घालून बघितले, तेही पकडले. त्या दिवसापासून मी यांची परीक्षा घेणं सोडलं.

आमच्या भागात शेतकी शाळेच्या मैदानावर दर वर्षी जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरतं. ज्या ट्रॅक्टरवरची प्रत्येक वस्तू कारखान्यातून आली तशी असेल, त्याला ‘मूळ रूप’ अशी पितळी पाटी मिळते. एकोणीस वर्षांत यांनी अकरा ट्रॅक्टर पाठवले. एकदा हॉर्न दुसऱ्या बनावटीचा निघाला, एकदा आरशाची दांडी. एकदा तर चार बोल्टांची डोकी वेगळी होती म्हणून पाटी हुकली. त्या रात्री हे जेवले नाहीत. मला ती पाटी यांच्यासाठी हवी होती, खोटं कशाला बोलू. माणूस म्हातारा होत चालला की त्याला एक तरी पूर्ण झालेली गोष्ट मिळावी असं वाटतं.

तो दिवा ज्या ट्रॅक्टरचा, तो एका बाईंनी ट्रकवर चढवून आणला होता. बाई पोस्टात खिडकीवर बसतात, पंचेचाळिशीच्या, बोलण्यात पोस्टासारख्याच नेमक्या. ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांचा. वडील एका मोठ्या फार्मवर ड्रायव्हर होते. फार्म मोडला तेव्हा मालकाने ट्रॅक्टर त्यांनाच दिला. गेली सात वर्षं तो गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभा. वडील पुढच्या महिन्यात ऐंशीचे होणार. तो चालू करून, नव्यासारखा करून त्यांच्यासमोर उभा करायचा आणि प्रदर्शनात त्यांनी स्वतः चालवायचा, असा बाईंचा बेत. वडिलांना मात्र कशाचीच कल्पना नाही. त्यांना सांगितलंय की पडवी पडायला आली म्हणून ट्रॅक्टर शेजारच्यांकडे हलवला.

बाई गेल्यावर यांनी ट्रॅक्टरभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग मला हाक मारली. आवाजावरून मला वाटलं कुठे लागलं-बिगलं की काय. जाऊन बघते तर हे पेटी उघडून उभे. आत पाने, पकड, ग्रीसची पिचकारी, सगळं कंपनीच्या शिक्क्याचं. हँडल जागेवर. दिवे दोन्ही. हॉर्न तोच. बुधली पकडीत, आणि तिच्या तळाशी तेलाचा वाळलेला थेंबसुद्धा.

“एकही वस्तू बदललेली नाही,” हे म्हणाले. “या माणसाने ट्रॅक्टर चालवला नाही, सांभाळलाय.”

फक्त एक गोष्ट पुस्तकात नव्हती. डाव्या पायाखालच्या क्लचच्या पेडलवर लाकडाचा एक ठोकळा दोन बोल्टांनी आवळून बसवला होता. चारेक बोटं जाड, कसल्या तरी चिवट काळ्या लाकडाचा, वर टायरच्या रबराची पट्टी ठोकलेली, मधोमध बुटाने झिजून खळगा पडलेला. हे त्याच्याकडे बघून चुकचुकले. पेडलला भोकं पाडलीत अडाण्यांनी, म्हणाले. बोल्ट गंजून धरले होते. अर्धी सकाळ घालवून यांनी ते काढले आणि ठोकळा लाकडाच्या भंगाराच्या टोपलीत टाकला. भोकं वेल्डिंगने भरली आणि इतकी घासली की बोट फिरवलं तरी पत्ता लागू नये. तीन वेळा मला बोलावून बोट फिरवायला लावलं. मला खरोखरच काही लागलं नाही आणि मी तसं सांगितलंही.

त्या टोपलीतलं लाकूड मी पाणी तापवायच्या चुलीला घेते. दोन-तीन दिवसांनी ठोकळा माझ्या हाताला आला. जळलं की घाण वास येतो म्हणून मी आधी रबर सोलून काढलं. चिवट होतं, कात्री घसरून बोटाला लागली. मग ठोकळा चुलीत सारला. चांगला बराच वेळ जळला तो.

सात आठवडे कामात गेले. गादीचं कापड मूळचं ठेवता आलं. मी फक्त आतला काथ्या बदलला आणि जुन्याच भोकांतून नवा दोरा ओवला. प्रदर्शनाचा अर्ज आला तो यांनी ताबडतोब भरला. त्यात एक रकाना होता, ‘नंतर बसवलेले भाग’. यांनी त्यात ‘नाही’ असं लिहिलं, आणि एरवी डॉक्टरसारखं गिचमिड अक्षर काढणारा हा माणूस तेवढा एक शब्द शाळेतल्यासारखा वळणदार लिहून गेला.

प्रदर्शनाला आठ दिवस असताना बाई वडिलांना घेऊन आल्या. दवाखान्यात जायचंय म्हणून आणलं होतं त्यांना. काका उंच, वाळके, अंगात इस्त्रीचा कोट. गेटपासून शेडपर्यंत हळूहळू आले. एका अंगाला थोडे झुकत होते, पण ऐंशीच्या माणसाचं चालणं कोण बघत बसतं. शेडच्या दाराशी आले आणि थांबले. ट्रॅक्टर उन्हात उभा होता.

जवळ जाऊन त्यांनी मडगार्डवर हात ठेवला, मग बुधलीवर, मग पेटीवर. प्रत्येक वस्तूला हात लावून पुढे जात होते. यांनी माझ्याकडे बघितलं. यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नजर दुसरीकडे वळवली, कारण माझंही तेच झालं होतं.

“बसा ना बाबा, चालवून बघा,” बाई म्हणाल्या.

काका दोन्ही हातांनी धरून वर चढले. बसल्यावर म्हातारपण उतरल्यासारखे ताठ झाले. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. काकांनी डावा पाय न बघताच पुढे टाकला, जिथे आयुष्यभर टाकत आले तिथे. तिथे काही नव्हतं. पाय हवेत राहिला. त्यांनी खाली वाकून बघितलं. मग गादीच्या अगदी कडेला सरकून पाय लांब केला. पेडल जेमतेम अर्धं दबलं आणि गिअर करकरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा करकरला. तिसऱ्यांदा ते इतके पुढे सरकले की स्टिअरिंग छातीला लागलं. तरीही पाय पोचला नाही.

काकांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. माझं लक्ष तेव्हा गेलं. त्यांच्या डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा कितीतरी जाड होता.

“फार छान झालाय,” ते यांना म्हणाले. “आता माझ्याने नाही व्हायचं. वय झालं. प्रदर्शनात तुम्हीच चालवा.”

बाई म्हणाल्या, थोडी सवय गेली असेल, उद्या परत येऊ. काका नाही म्हणाले. चहाही नको म्हणाले. गेटकडे जाताना त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

हे तिथेच उभे होते, पेडलकडे बघत. भरलेल्या भोकांवरून यांनी अंगठा फिरवला. मग आत येऊन मला विचारलं, “तो ठोकळा कुठंय?”

मी चुलीकडे बोट केलं. टोपलीत टाकला होता त्यांनीच, पण जाळला मी, आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. त्या दिवशी घरात भांड्यांचा आवाजसुद्धा मला जास्त वाटला. संध्याकाळी हे परसातला चुलीच्या राखेचा ढीग काडीने चाळत बसलेले दिसले. दोन खिळे निघाले, रबराच्या पट्टीचे. सोलताना लाकडातच राहिले असणार. ते यांनी पुसून खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. वडील जेवतात, पेपर वाचतात, पण त्या विषयावर बोलत नाहीत. पाय लहानपणापासून थोडा आखूड आहे हे बाईंना माहीत होतं. पण ठोकळ्याचं कधी डोक्यातच आलं नाही, म्हणाल्या. तो ट्रॅक्टरचाच भाग वाटायचा. वडिलांना न विचारता सगळं केलं ही माझीच चूक, असंही म्हणाल्या. यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि चूक कुणाची ते मला ठाऊक आहे, एवढंच म्हणून परत दिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. काकांची खोली लहानशी, नेटकी. खाटेखाली बुटांचे दोन जोड, डावा बूट प्रत्येक जोडीत जाड तळाचा. खिडकीत वर्तमानपत्रांची चळत, दोरीने बांधलेली. काकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः खाटेवर बसले. यांना गोल गोल बोलता येत नाही. बसल्या बसल्या सांगितलं की ठोकळा मी काढला, आणि तो आता नाही, जळला.

“चुलीत मी घातला,” मी म्हणाले. “मला कळलं नाही.”

“मला वाटलं, तुम्ही कुठेतरी ठेवला असेल,” काका म्हणाले. रागावून नव्हे, आणि तेच जास्त लागलं.

मग त्यांनी सांगितलं. सहाव्या वर्षी ते बैलगाडीवरून पडले. पाय मोडला, हाड जुळलं ते आखूडच. गावात त्यांना जे नाव पडलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. फार्मवर ड्रायव्हर हवा होता. मालकाने त्यांना फाटकापासून ऑफिसपर्यंत चालत येताना बघितलं आणि कागद न बघता नाही म्हणून सांगितलं. काकांनी विचारलं, ट्रॅक्टर कधी येतोय? मालक म्हणाला, सोमवारी. काकांनी सुताराकडे बसून ठोकळा करून घेतला. सोमवारी ट्रॅक्टर ट्रकवरून उतरला तेव्हा काका पिशवी घेऊन हजर. मालकाला म्हणाले, मला एक तासभर द्या. पेडलला भोकं पाडली, ठोकळा आवळला, आणि पलीकडच्या बांधापर्यंत नांगराची एक रेघ मारून दाखवली.

“सरळ आली,” काका म्हणाले. “मालक काही बोलला नाही. चाव्या माझ्याकडेच राहिल्या. ट्रॅक्टरवर असेपर्यंत मी लंगडा नव्हतो. खाली उतरलो की व्हायचो.”

“म्हणजे ट्रॅक्टर आला त्याच दिवशी बसवला?” यांनी विचारलं.

“त्याच दिवशी. तुमच्या हॉर्नला तरी नंतर कधीतरी तार बदलली असेल. तो ठोकळा कधी सुटला नाही.” मग ते जरासं हसले. “तुम्ही बाकी सगळं ओरिजिनल केलंत. पाय तेवढा राहिला.”

यांना हसू आलं नाही. परतीच्या वाटेवर बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “दिवा दुसरा मिळतो. हॉर्न मिळतो, दहा वर्षांनी का होईना. तो जगात एकच होता, आणि मी तो टोपलीत टाकला.” मी यांचा हात धरला. बसमध्ये असं आम्ही कधी करत नाही.

घरी आल्यावर यांनी प्रदर्शनवाल्यांना फोन लावला. तिथले परीक्षक यांच्या ओळखीचे, एजन्सीतले जुने सहकारी. यांनी सांगितलं की पेडलवर एक लाकडी भाग बसवतोय, अर्जात तसं लिहून घ्या. ते म्हणाले, वेडे आहात का? यादी मी बघितलीय, या वर्षी पाटी तुमचीच आहे. सकाळी परीक्षण होईपर्यंत तो ठोकळा लावू नका, तुम्ही स्वतः चालवत आणा, पाटी घ्या. दुपारी फेरीच्या वेळी लावा आणि म्हाताऱ्यांना बसवा. दोघांचंही होईल.

फोन आमच्या घरात मोठ्याने बोलतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. यात वाईट काय होतं, तुम्हीच सांगा. दोन बोल्टांचा प्रश्न. मी यांच्याकडे बघून मान हलवली, हो म्हणा. माझ्या मनात पाटी शेडच्या दारावर लागूनही झाली होती.

हे म्हणाले, “भोकं तर दिसतीलच ना.” पलीकडून उत्तर आलं, भोकं काही मी बघत नाही. यावर हे इतका वेळ गप्प राहिले की पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ सुरू झालं.

“नको,” हे म्हणाले. “आधीच एकदा काढलाय तो मी. पुन्हा नाही काढायचा. लिहून घ्या, एक भाग, क्लचवरचा ठोकळा.” आणि फोन ठेवला.

मी रुसले. संध्याकाळपर्यंत रुसले, आणि रुसल्या रुसल्याच माझ्या जुन्या शिलाई मशीनची लाकडी फळी काढून यांच्यापुढे टाकली. माझ्या आईचं मशीन होतं ते. यंत्र केव्हाच बाद झालं, पण लाकूड अजून लोखंडासारखं. तुम्हाला काळं चिवट लाकूड पाहिजे होतं ना, म्हटलं, घ्या. हे फळीकडे बघत राहिले. नको म्हणाले असते तर मी ती परत उचलली असती, पण ते नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका आले. यायला तयार नव्हते. हे स्वतः जाऊन रिक्षाने घेऊन आले. काकांना वर बसवलं आणि हे खाली पेडलपाशी जमिनीवर मांडी घालून बसले. पातळ पातळ फळकुटं पेडलवर ठेवत होते आणि दाबायला सांगत होते. कुठे दुखतं, टाच कुठे टेकते, शेवटपर्यंत जोर पोचतो का. मी शिवणकाम करते, मला ठाऊक आहे. माप घेताना माणूस अंग चोरतो. काका आधी अंग चोरत होते. मग हळूहळू पाय सैल सोडला. बऱ्याच वेळाने त्यांनीच सांगितलं की बाहेरची कड जरा उतरती हवी, जुन्याची तशी होती. यांनी पेन्सिलीने खूण केली.

भोकं पाडायची वेळ आली तेव्हा यांनी ड्रिल हातात घेतलं आणि थोडं थांबले. ते पेडल यांनी आरशासारखं केलं होतं. मी दारात उभी होते. यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ड्रिल टेकवलं आणि दाबलं. जुन्याच जागी, दोन भोकं. ठोकळ्यावर यांनी रबराची पट्टी बसवली, आणि तिला दोन खिळे राखेतून निघालेले ठोकले. काकांना ते सांगितलं नाही.

प्रदर्शनाचा दिवस लख्ख होता. मैदानावर एकवीस ट्रॅक्टर. सकाळी परीक्षकांनी पेटी बघितली, दिवे बघितले, हॉर्न वाजवून बघितला, आणि ठोकळ्यापाशी येऊन यांच्याकडे एक दुखावलेला कटाक्ष टाकला. पाटी एका लाल ट्रॅक्टरला गेली. त्याची गादी मी बघून आले. इंचाला पाच टाके. पण ते कुणी मोजलं नाही, आणि मीही चारचौघांत बोलले नाही.

दुपारी फेरी निघाली. काकांनी क्लच दाबला, गिअर गुपचूप पडला, आणि ट्रॅक्टर निघाला. मैदानाला दोन वळसे होते. काका मागे न बघता, हात न हलवता, सरळ समोर बघत चालवत होते. फार्मवर त्यांच्याबरोबर काम केलेला एक म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. तो कुणाला तरी सांगत होता, हा माणूस नांगर धरायचा तर सरळ रेघेसाठी दोरी लावायची गरज नाही. पायाबद्दल तो काहीच बोलला नाही. बहुतेक त्याच्या लक्षातच नव्हतं. बाई रडत होत्या आणि फोटो काढत होत्या, दोन्ही एकदम.

फेरी संपली. सगळे ट्रॅक्टर ओळीने लागले. ड्रायव्हर टपाटप उड्या मारून उतरले. लोक धावले, हात मिळवायला, फोटो काढायला. आमच्या ट्रॅक्टरभोवती सगळ्यांत जास्त गर्दी. काकांनी इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले.

“बाबा, उतरा ना, तुमच्याबरोबर फोटो काढायचाय सगळ्यांना,” बाई म्हणाल्या.

“बसतो जरा,” काका म्हणाले. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. खाली तीस-चाळीस माणसं तोंड वर करून उभी होती, कौतुकाने, आणि त्यांतलं कुणी हलायला तयार नव्हतं. मला कळायला वेळ लागला. यांना आधी कळलं.

हे चार माणसांत तोंड उघडत नाहीत. आमच्या मुलीच्या लग्नात दोन शब्द बोला म्हटलं तर मांडवामागे जाऊन उभे राहिले होते. तो माणूस एकदम ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “इकडे या सगळे. ही पुली बघा. ही आता कुठल्याच ट्रॅक्टरवर राहिलेली नाही.”

लोक वळले. इंजिनाच्या उजव्या अंगाला ती रुंद लोखंडी पुली असते. हे तिच्यावर हात ठेवून सांगायला लागले. हिच्यावर चामड्याचा पट्टा चढवायचा, पट्ट्याचं दुसरं टोक मळणीच्या यंत्रावर, ट्रॅक्टर जागेवर उभा आणि यंत्र चालतंय. पुलीला मध्ये थोडा फुगवटा असतो, हात लावून बघा, त्यामुळे पट्टा घसरत नाही. “बाई, तुम्हीपण या इकडे. तुम्हाला हे माहीत पाहिजे.” बाई गेल्या. माणसं वाकून वाकून पुली बघायला लागली, मागची पुढच्यांच्या खांद्यांवरून माना लांबवायला लागली. यांचं सांगून संपलं तसं यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, चामडं कोणतं, पट्टा किती लांब, पीळ का द्यायचा. आवाज थोडा कापत होता, पण थांबत नव्हता.

मी ट्रॅक्टरच्या पुढे, मधोमध उभी होते. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. डाव्या बाजूला काकांनी मडगार्ड धरलं, एक पाय खाली सोडला, जमीन चाचपली, मग दुसरा. कोट सारखा केला. मग त्यांची मान वर झाली आणि मी तिथे आहे हे त्यांना दिसलं.

मी पाठ फिरवली आणि पुली बघायला गेले.